बेवारशी ऑर्डर

काल रात्री सव्वाअकराला तुझा फोन आला. “आत्या, कोणाला विचारू तेच कळत नाहीये,” एवढं बोललीस आणि गप्प झालीस. मागे वॉर्डातला पंखा कुरकुरत होता, तो मला ऐकू येत होता. मग हळूहळू सगळं सांगितलंस. बासष्ट वर्षांच्या बाई, पित्ताशयात खडे, सकाळी नऊला दुर्बिणीचं ऑपरेशन, मधुमेह जुना, दोन वेळचं इन्सुलिन. रात्री दहापासून पोटात काही द्यायचं नाही असं केसपेपरवर लिहिलेलं, आणि त्याच्याच खालच्या ओळीत ‘सीएसटी’. म्हणजे ‘कंटिन्यू सेम ट्रीटमेंट’, चालू आहे ते तसंच चालू ठेवा. मग सकाळचं इन्सुलिन द्यायचं की नाही? सर्जन म्हणाले, फिजिशियनना विचारा. फिजिशियन म्हणाले, मी फिटनेस दिलाय, पुढचं भूलवाले बघतील. भूलतज्ज्ञ तीन हॉस्पिटलं करतात, त्यांचा फोन लागेना. आणि रात्रपाळीचे डॉक्टर, आरएमओ, ‘सीएसटी’ लिहून झोपायला गेलेले.

रात्रीपुरतं जे सांगायचं ते मी फोनवर सांगितलं. स्वतःच्या मनाने इन्सुलिन द्यायचं नाही आणि स्वतःच्या मनाने बंदही करायचं नाही. आरएमओंना उठव. दोनला आणि सहाला एचजीटी कर, बोटातल्या थेंबावरून साखर बघ. भूलतज्ज्ञांना मेसेज टाकून ठेव आणि इन्सुलिनच्या वेळेआधी उत्तर लेखी घे. तू ते सगळं केलंस, पहाटे पाच-चाळीसला त्यांचा फोन आला, हे सकाळी कळलं तेव्हा जीव भांड्यात पडला. पण तुझा खरा प्रश्न इन्सुलिनपेक्षा मोठा होता. ऑपरेशनच्या आधी पेशंटला तपासायचं कोणी, ऑर्डर द्यायची कोणी, आणि त्यात काही राहिलं तर ते कोणाचं? माझी छत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यांत गेली, त्यातली निम्म्याहून जास्त सर्जिकल वॉर्डात आणि ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये. या प्रश्नाचं उत्तर मला हळूहळू, काही वेळा फार वाईट पद्धतीने मिळालं. तुला ते तसं मिळायला नको म्हणून हे लिहायला बसले.

माझ्या पहिल्या सिस्टर इनचार्ज रत्नागिरीकडच्या होत्या. आवाज कधी चढायचा नाही, पण केसपेपर हातात घेतला की त्यांचं बोट प्रत्येक ऑर्डरच्या शेवटी जाऊन थांबायचं. सही आहे का, नाव वाचता येतंय का, वेळ लिहिलीय का. नसेल तर त्या म्हणायच्या, “ही ऑर्डर बेवारशी आहे.” बेवारशी पेशंट आला तर त्याला आपण सांभाळायचं, आंघोळ घालायची, जेवू घालायचं, बेवारशी ऑर्डर मात्र सांभाळायची नाही, तिचा धनी शोधून आणायचा. मी तेव्हा बावीस वर्षांची होते. मला वाटायचं, बाई किती ताणतात! अठरा वर्षांनी त्या शब्दाचा अर्थ कळला, ते पुढे सांगते.

आधी कोणाचं काय ते बघ. हे अगदी पक्कं डोक्यात बसव.

ऑपरेशनची गरज आहे का, कोणतं करायचं, कोणत्या बाजूचं, त्यात धोका काय आणि न केलं तर काय, हे सगळं सर्जनचं. ओटी लिस्टवर ज्यांचं नाव आहे त्यांचं. ते केसपेपर स्वतः लिहिणार नाहीत, रेसिडेंट लिहील, तुमच्याकडे आरएमओ लिहितील. लिहिणारा हात दुसऱ्याचा असला तरी जबाबदारी त्या हाताबरोबर सरकत नाही. पेशंट भूल सोसेल का, कोणती भूल द्यायची, पोट किती तास रिकामं हवं, सकाळची कोणती गोळी घ्यायची आणि कोणती नाही, हे भूलतज्ज्ञांचं. आणि ते एकदा बघून संपत नाही. आठ दिवसांपूर्वी ओपीडीत तपासलं असलं तरी ऑपरेशनच्या दिवशी भूल देण्याआधी त्यांनी पुन्हा बघायचं असतं. हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या एनएबीएचच्या निकषांतही हे दोन्ही वेळचं बघणं वेगवेगळं मागितलेलं आहे. मधल्या आठ दिवसांत सर्दी-खोकला झाला असेल, ताप येऊन गेला असेल.

आता फिजिशियन. इथेच सगळा घोळ होतो, म्हणून इथे जरा थांबते. ‘फिटनेस’ हा शब्द आपल्याकडे इतका सैल वापरला जातो की तो ऐकला की सगळे निर्धास्त होतात. फिजिशियन हृदय, दम, साखर, प्रेशर बघतात आणि आपलं मत देतात. ‘मध्यम जोखीम धरून फिट’ असं लिहिलेलं तू शंभर वेळा वाचशील. ते मत आहे. त्या मतावरून ऑपरेशन करायचं की पुढे ढकलायचं हे सर्जन आणि भूलतज्ज्ञ मिळून ठरवतात. फिजिशियननी सुचवलेली औषधंसुद्धा पेशंट ज्यांच्या नावावर दाखल आहे त्या युनिटने ट्रीटमेंट शीटवर उतरवायची असतात. ती कोणी उतरवली नाहीत तर मत कागदावर राहतं आणि पेशंटपर्यंत पोचत नाही. तसंच महात्मा फुले योजनेतून मंजुरी आली की नातेवाईक म्हणतात, सगळं ओके झालं. योजनेची मंजुरी पैशाची असते. ती पेशंटची छाती तपासत नाही.

तपासण्यांचं एकच सूत्र आहे. ज्याने तपासणी मागितली, त्याने तिचा रिपोर्ट वाचायचा. फाइलला लावलेला रिपोर्ट वाचलेला असतोच असं नाही. क्रिएटिनिन वाढलेलं, हिमोग्लोबिन सहा, आणि तो कागद नीट पंच करून फाइलला लावलेला, असं मी पाहिलंय. रिपोर्ट हातात आला आणि आकडा वेगळा दिसला तर फाइलला लावण्याआधी फोन कर, आणि कोणाला किती वाजता सांगितलं ते नर्सिंग नोट्समध्ये लिही.

आता ती अठरा वर्षांनंतरची गोष्ट.

२००१ साल होतं. मी तेव्हा एका सरकारी दवाखान्याच्या स्त्री सर्जिकल वॉर्डात होते, नवखी अजिबात नव्हते. एक आजी होत्या, खेड्यातल्या, सत्तरीच्या आतबाहेर. पोटावरचा हर्निया. मधुमेह, सकाळ-संध्याकाळ तीस-सत्तरचं इन्सुलिन. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी हाउसमनने, म्हणजे वॉर्डातल्या शिकाऊ डॉक्टरने, लिहिलं: रात्री दहापासून तोंडाने काही नाही, आणि खाली ‘सीएसटी’. फिजिशियनचं मत होतं, इन्सुलिन चालू ठेवा. सकाळी सातला मी ट्रीटमेंट शीट बघितली, वीस युनिटची नोंद होती, मी इन्सुलिन दिलं. लिस्टवर आजी पहिल्या होत्या, साडेआठला जायच्या होत्या. आठला हायवेवरच्या अपघाताचे पेशंट आले आणि लिस्ट मागे गेली. आजींना कोणी काही सांगितलं नाही. त्यांनीही काही मागितलं नाही, ती पिढी मागायचीच नाही. साडेदहाला मावशी बेडजवळून जाताना म्हणाली, “सिस्टर, आजी घामाने भिजल्यात, हाक मारली तर ओ देईनात.” एचजीटी अडतीस आली. ग्लुकोज शिरेतून दिलं, दहा मिनिटांत डोळे उघडले. माझ्याकडे बघून पहिलं काय म्हणाल्या? “बाई, मला झोप लागली होती का?” त्यांचा हात मी किती वेळ धरून बसले होते, मला आठवत नाही.

मग चौकशी झाली. सगळ्यांचे कागद बरोबर होते, हे त्यातलं सगळ्यात भयंकर. सर्जनने उपाशी ठेवायला सांगितलं, बरोबर. फिजिशियनने साखर ताब्यात ठेवायला सांगितलं, बरोबर. लिहिलेलं इन्सुलिन मी दिलं. आणि भूलतज्ज्ञ मॅडमनी आदल्या दिवशी दुपारी येऊन, आजींना तपासून, स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं की सकाळचं इन्सुलिन देऊ नये, सातला साखर बघून कळवावं. ते लिहिलं होतं भुलीच्या वेगळ्या फॉर्मवर, फाइलच्या शेवटच्या पानावर. ट्रीटमेंट शीटवर ते कोणी आणलंच नाही. मॅडमना वाटलं हाउसमन आणेल. हाउसमनला त्या येऊन गेल्याचं माहीतच नव्हतं. आणि मी शेवटचं पान उलटलं नाही. ऑर्डर होती, सहीनिशी होती. दोन कागदांच्या मधल्या जागेत ती हरवली, बेवारशी झाली. मला लेखी विचारणा झाली, मी उत्तर दिलं, पुढे काही झालं नाही. आजी बऱ्या झाल्या, आठवड्याने ऑपरेशन होऊन घरी गेल्या. पण त्या दिवसापासून मी काही गोष्टी हट्टाने करत आले, त्या तुला देते.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी केसपेपर मागून वाचायला सुरुवात कर. शेवटचं पान पहिलं. भुलीचा फॉर्म, फिजिशियनचं मत, बाहेरची जुनी चिठ्ठी, सगळं शेवटी असतं. त्यातलं जे ट्रीटमेंट शीटवर आलेलं नाही ते डॉक्टरांना दाखवून त्यांच्या हाताने उतरवून घे. तू स्वतः उतरवू नकोस. आणि ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ‘सीएसटी’ दिसलं की तिथेच थांब. ज्या माणसाचं उद्या खाणं-पिणं बंद होणार आहे, त्याचं काहीच ‘सेम’ राहत नाही. प्रत्येक औषधासमोर द्यायचं, नाही द्यायचं, किती द्यायचं, हे तीनपैकी एक लिहून माग. आरएमओ वैतागतील. वैतागू दे. “सर, एवढं नावानिशी लिहून द्या, मग मी रात्रभर तुम्हाला उठवणार नाही,” असं म्हण. हे वाक्य मी वर्षानुवर्षं वापरलंय, आणि ते खरंही असतं.

‘उपाशी’ आणि ‘उपास’ या दोन शब्दांनी किती ऑपरेशनं रद्द झाली असतील याचा हिशेब नाही. “उद्या उपास ठेवा” असं कोणी सांगितलं की आपली बाई पहाटे पाचला साबुदाण्याची खिचडी खाऊन येते. तिच्या दृष्टीने तिने सांगितलेलं पाळलेलं असतं. एका आषाढीला माझ्या वॉर्डात एकाच दिवशी दोघी तशा आल्या. म्हणून शब्द बदल. “रात्री अमुक वाजल्यानंतर पोटात घास जाता कामा नये, दूध नाही, चहा नाही, खिचडी नाही, केळं नाही, तंबाखूसुद्धा नाही,” असं एकेक नाव घेऊन सांग. नुसतं पाणी भूल देण्याच्या दोन तास आधीपर्यंत चालतं, आईचं दूध चार तास, इतर दूध आणि हलकं जेवण सहा तास, तळलेलं किंवा मटण असेल तर आठ तास, हा जगभर वापरला जाणारा ढोबळ नियम आहे. आपला चहा दुधाचा असतो, तो पाण्यात धरायचा नाही. पण साखर खूप जुनी असेल, पोट फुगलेलं असेल, बाई गरोदर असेल तर हेच तास बदलतात, म्हणून अंतिम वेळ भूलतज्ज्ञांची. उलट्या बाजूनेही जागी राहा. सगळ्यांना सरसकट रात्री दहापासून कोरडं ठेवायचं आणि लिस्टवरच्या शेवटच्या पेशंटला दुपारी तीनला न्यायचं, हे मी हजारदा पाहिलं. लिस्ट मागे गेली की फोन कर: “मॅडम, हा पेशंट आता दोनच्या आधी जात नाही, पाणी देऊ का?” बहुतेक वेळा ‘हो’ येतं. सतरा तास घसा कोरडा पडलेल्या म्हाताऱ्या माणसाला ते अर्धा पेला पाणी काय असतं, ते त्याच्या चेहऱ्यावर बघ.

विदर्भात मी पाच वर्षं होते, तिथे हे पाणी चैनीचं नव्हतं. चंद्रपूर-गडचिरोलीकडे, आणि तसंच नंदुरबारच्या सातपुड्यात, सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. त्या माणसाला उपाशी, तहानलेला आणि एसीच्या गारठ्यात ठेवलं तर रक्तपेशी विळ्यासारख्या वाकून अडकू शकतात आणि जिवावर बेतू शकतं. तुझा वॉर्ड पश्चिम महाराष्ट्रातला असला तरी ऊसतोडीला, बांधकामाला माणसं कुठून कुठून येतात. गाव विचार. लहानपणापासून सांधे दुखतात का, रक्त चढवलंय का, विचार. सिकलसेलची तपासणी झालेली नसेल तर डॉक्टरांच्या कानावर घाल. हे प्रश्न विचारणं तुझं काम आहे, त्याला कोणाच्या ऑर्डरची वाट बघायची नाही.

कारण नर्सची तपासणी ही वेगळी, स्वतंत्र गोष्ट आहे. डॉक्टरांनी तपासलं म्हणजे तू तपासलंस असं होत नाही. तू बघायचंस ते असं: वजन, खरं काट्यावरचं, अंदाजे लिहिलेलं नाही, कारण औषधाचा डोस त्यावर ठरतो. कशाची अ‍ॅलर्जी. हलणारा दात, कवळी. मिश्री लावते का, तंबाखू खातो का. पाळीची तारीख, प्रत्येक बाईला, ती कितीही संकोचली तरी, आणि सासू-नवऱ्याला बाहेर पाठवून. शेवटचं काय खाल्लं आणि किती वाजता. पाठीवर कमरेशी फोड आहे का, कारण तिथे भुलीची सुई जायची असते.

आणि औषधांची पिशवी. “काही गोळ्या चालू आहेत का?” असं विचारलं तर “नाही” असंच उत्तर येतं. “घरून पिशवी आणलीय का, दाखवा बरं” म्हण. त्यातून सगळं बाहेर येतं. ‘रक्त पातळ करायची गोळी’ निघाली तर लगेच कळव. काही गोळ्या पाच ते सात दिवस आधी थांबवाव्या लागतात. पण हृदयात स्प्रिंग टाकलेली असेल तर तीच गोळी थांबवणं जीवघेणं ठरू शकतं, म्हणून ती हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणी बंद करायची नाही. ‘स्प्रिंग’ हाच शब्द वापर, स्टेंट म्हटलं तर लोकांना कळत नाही. साखरेच्या गोळ्यांमध्ये ‘ग्लिफ्लोझिन’ असं शेपूट असलेलं नाव दिसलं, डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, तर लाल पेनाने लिही. अलीकडे त्या फार लिहिल्या जातात आणि ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी थांबवायच्या असतात. तसं झालं नाही तर साखर ठीक दिसत असतानाच रक्तात आम्ल वाढत जाऊ शकतं. एचजीटीवर विसंबलेली सिस्टर त्यात फसते. थांबवायचं की नाही हे तू ठरवायचं नाहीस. ते दिसलं आणि तू सांगितलंस, एवढं तुझं. वैद्यांचे काढे, जडीबुटीची पुडी, तीही औषधंच समज आणि नोंदव.

संमतीपत्राबद्दल मी कडक आहे. “सिस्टर, जरा कन्सेंटवर सही घ्या” हे तुला रोज ऐकू येईल. सही घेणं आणि संमती घेणं या दोन गोष्टी आहेत. काय करणार, का करणार, दुसरा उपाय काय, धोका काय, हे डॉक्टरांनी पेशंटला त्याच्या भाषेत सांगायचं. तू फार तर साक्षीदार. सांगताना तू तिथे नव्हतीस तर साक्षीची सही करू नकोस. आणि पेशंट सज्ञान, शुद्धीवर असेल तर संमती त्याची त्यानेच द्यायची, बाई असली तरी तिची तिनेच. नवऱ्याची सही आहे, तिचा अंगठा नाही, असे फॉर्म मी परत पाठवलेत. २००८ साली सुप्रीम कोर्टाने दिल्लीच्या एका खटल्यात हे फार स्पष्ट केलंय. एका बाईंनी फक्त दुर्बिणीने तपासणी करायला संमती दिली होती. त्या भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि अंडाशयं काढली. कोर्ट म्हणालं, जिवावर बेतलेलं नव्हतं, बाई सज्ञान होती, ती शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं. आईची संमती चालणार नाही. त्या बाई जाग्या झाल्या असतील तेव्हा त्यांना काय कळलं असेल, हा विचार मी फॉर्म हातात घेताना दर वेळी करते.

आमच्या रत्नागिरीच्या सिस्टर दुसरा एक खटला सांगायच्या, त्यांच्या जिल्ह्यातला म्हणून. १९५३ साली पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाची मांडी मोडली, त्याला पुण्याला आणलं. नीट भूल न देता जोर लावून हाड बसवलं आणि तो पोरगा गेला. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, १९६८ मध्ये निकाल लागला. कोर्टाने डॉक्टरची कर्तव्यं तीन जागी मोजली: केस घ्यायची की नाही हे ठरवताना, कोणता उपचार द्यायचा हे ठरवताना, आणि तो देताना. सिस्टर म्हणायच्या, बघा गं, तिनातली दोन तर सुरी लागायच्या आधीची आहेत.

तुमच्याकडे भूलतज्ज्ञ बाहेरून येतात, ही तुझी खरी अडचण आहे, आणि महाराष्ट्रातल्या बहुतेक छोट्या हॉस्पिटलांची हीच आहे. ते पेशंटला पहिल्यांदा टेबलवर बघतात, हे योग्य नाही, पण घडतं. ते बदलेपर्यंत तू हे कर. आदल्या दिवशी संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास, रात्री अकराला नव्हे, त्यांना फोन लागेल असं बघ. आधी सगळं कागदावर मांडून मग बोल: वय, वजन, ऑपरेशन, आजार, चालू औषधं, ईसीजी, साखर, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, अ‍ॅलर्जी. मग नेमका प्रश्न: “सर, सकाळचं इन्सुलिन द्यायचं का? प्रेशरची गोळी घोटभर पाण्याबरोबर द्यायची का? किती वाजल्यापासून तोंड बंद?” ते सांगतील ते लिहून घे आणि त्यांनाच परत वाचून दाखव. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ फोनवर सारखे ऐकू येऊ शकतात, म्हणून ‘एक-पाच’ असे आकडे सुटे बोल. जमलं तर दुसऱ्या सिस्टरला किंवा आरएमओंना स्पीकरवर ऐकू दे. फोनवरची ऑर्डर म्हणून वेळ, त्यांचं नाव, तुझं नाव लिही. आणि सकाळी ते आले की ओटीत जाण्याआधी पहिली सही त्यावर घे. ती राहिली तर ती ऑर्डर पुन्हा बेवारशी झाली.

बाकीचं भराभर सांगते. आम्ही पूर्वी सकाळी सहाला वॉर्डातच अँटिबायोटिक द्यायचो, ऑपरेशन बाराला असलं तरी. आता ते साधारणपणे चीर देण्याच्या आधी तासाभरात, ओटीत देतात. तू वॉर्डात देऊन टाकू नकोस. रेझरने केस काढू नकोस, कोणाला काढूही देऊ नकोस. काढायचेच असतील तर क्लिपर. रक्त जुळवायला पाठवताना ज्याने काढलं त्याने बेडजवळच लेबल लावायचं, टेबलावर येऊन नाही. बाजू असेल तर केसपेपरवर ‘उजवा’, ‘डावा’ असं पूर्ण लिहिलेलं माग, आणि अंगावरची खूण ऑपरेशन करणाऱ्यांनी, पेशंट जागा असताना, त्याला विचारून करायची. सुरक्षित ऑपरेशनसाठी जागतिक आरोग्य संघटनेची जी एकोणीस मुद्द्यांची यादी आहे, २००८ पासूनची, तिची टिंगल करणारे तुला भेटतील. आठ शहरांतल्या आठ हॉस्पिटलांत ती वापरून बघितली होती, त्यात दिल्ली होतं. मृत्यूचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ वर आलं, हे २००९ च्या जानेवारीत छापून आलेलं आहे. सगळं झाल्यावर एकदम टिकमार्क करू नकोस. मोठ्याने वाच.

मंगळसूत्राचं तू विचारलं होतंस. काढायला सांगितलं की बायका रडवेल्या होतात, ऑपरेशनच्या भीतीत आणखी एक भीती. धातू अंगावर ठेवता येत नाही, ओटीतल्या डायथर्मीच्या विजेने भाजू शकतं, हे नीट समजावून सांग. मी ड्रेसिंगच्या कपाटात पिवळा दोरा आणि हळकुंडं ठेवायची. ओटी सिस्टरला विचारून, सलाईन नसलेल्या मनगटाला हळकुंडाचा दोरा बांधायचा आणि मंगळसूत्र नातेवाइकाच्या हातात देऊन वहीत सही घ्यायची. एकदा बांधला की बाई शांतपणे स्ट्रेचरवर पडायची. हेही तयारीचंच काम आहे.

डॉक्टरांना विचारायची भीती वाटते म्हणालीस. स्वाभाविक आहे, तू नवीन आहेस, ते मोठे आहेत. मान ठेवून विचार, पण विचार. “सर, मला शंका आहे” असं म्हणण्यापेक्षा जे दिसतंय ते सांग: “सर, साखर बहात्तर आहे आणि इन्सुलिन वीस लिहिलंय.” आकडा ऐकल्यावर कोणी सहसा रागावत नाही. तरीही ‘द्या’ म्हणाले आणि तुला ते धोक्याचं वाटलं, तर तुमच्या इनचार्ज सिस्टरना सांग, मग मेट्रनना. औषध रोखून धरून वर कळवणं याला आगाऊपणा म्हणत नाहीत. कोणी म्हटलं तर मला फोन कर, कितीही वाजता.

आणि ओटीच्या दारात पेशंट सोडून येऊ नकोस. आतल्या सिस्टरचं नाव घेऊन, पेशंटलाच त्याचं नाव आणि ऑपरेशन सांगायला लाव, काय दिलंय काय रोखलंय ते तोंडी सांग, सही घे, मग वळ. पेशंट परत आला की आधीच्या सगळ्या ऑर्डर संपलेल्या असतात, नव्याने लिहिलेल्या हव्यात. तिथेही कोणी ‘सीएसटी’ लिहिलं तर कालच्यासारखीच थांब.

त्या बाईंची आज संध्याकाळची साखर किती आहे? त्यांनी पाणी प्यायलं का? इन्सुलिन परत कधी आणि किती सुरू करायचं, ते लिहिलंय का कोणी? खाली नाव बघ, वाचता येतंय का, आणि मला कळव.